तो बोटीवर असला की जीव जातो, आणि घरी आला की परका वाटतो

"मॅडम, तो नसतो तेव्हा त्याचा शर्ट इस्त्री करतानासुद्धा रडू येतं, आणि आला की चौथ्या दिवशी वाटतं हा परत कधी जॉइन करणार, माझं प्रेम आटलंय का?"

हा प्रश्न मला खूप बायकांनी विचारलाय, काही नवऱ्यांनीही. म्हणून एका जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तो मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, नाही मिळाला की अजून लांबतं. ती पुण्यात, नोकरी, मुलगी पहिलीत, सासूबाई गुडघ्यांनी बेजार. चीफ ऑफिसरचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बहुतेक बोटींवर पहाटे 4 ते 8 आणि संध्याकाळी 4 ते 8 असतो, त्यामुळे घरी आल्यावरही हा साडेतीनला टक्क जागा आणि रात्री नऊला पेंगायला लागायचा, म्हणजे नेमकं ती मुलीला झोपवून दोन शब्द बोलायला बसली की ह्याचे डोळे मिटलेले. तिला वाटायचं ह्याला माझ्यात इंटरेस्टच उरला नाही. आणि त्याला वाटायचं ह्या घरात माझी गरजच नाहीये, कारण गॅसपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं तिने एकटीने बसवलेलं, त्याने मदत म्हणून डब्यांच्या जागा बदलल्या तर ती चिडायची. चिडणारच ना, सहा महिने तिचाच हात होता त्या कपाटात!

प्रेम आटलेलं नव्हतं. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलंय, माणूस घरात धरायचा की नाही हेच नक्की नसलं की घरचे किती थकतात ते त्यांनी दाखवलं. बोटीवरच्या माणसाचं दुःख तेवढं मोठं नाही, पण जात तीच. तो आहे, पण जेवायच्या ताटावर नाही. मग घर त्याच्याशिवाय चालायला शिकतं, शिकावंच लागतं, आणि तो परत आला की त्याला पुन्हा जागा करून द्यायला वेळ लागतो. आठवण येत होती ती गेल्या सुट्टीतल्या माणसाची, दारात उभा राहिला तो मधले सहा महिने वेगळं जगून आलेला.

मी त्यांना सांगितलं की पहिले आठ-दहा दिवस समोरासमोर बसून "आपलं काय चाललंय" ही चर्चा बंद, पाहुणे बंद, त्याची झोप आधी रुळावर येऊ दे. आणि विचारलं, लग्नानंतर सुरुवातीला न बोलता एकत्र काय करायचात? दोघंही एकदम म्हणाले, सवाईला जायचो.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, भीमसेन जोशींनी 1953 मध्ये आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव, डिसेंबरात असतो, पूर्वी रात्र-रात्र चालायचा, आता लाउडस्पीकरच्या नियमांमुळे साधारण दहाला आवरतात आणि दुपारीच सुरू करतात. म्हणजे ह्याच्या 4 ते 8 च्या सवयीला अगदी सोयीचं! तो नोव्हेंबरात साइन ऑफ झाला होता, म्हणजे बोटीवरून उतरला होता, मुलीला आत्याकडे ठेवलं आणि भारतीय बैठकीची तिकिटं काढून दोघं गेली, शाल, थर्मास, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या.

नंतर ती सांगत होती तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. विलंबित एकताल, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा ताल, चाललेला, अति विलंबित असला तर तालाची एक फेरी, म्हणजे आवर्तन, मिनिटभराच्या आसपास जातं, तेवढा वेळ सगळा मांडव समेची, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतो, आणि समेवर ह्याचा हात तिच्या गुडघ्यावर पडला, पूर्वी पडायचा तसाच, त्याच्याही नकळत. ती म्हणाली, मॅडम, मी गाण्याकडे बघत होते म्हणून मला रडू आलेलं त्याला दिसलं नाही, बरं झालं. परत येताना स्कूटरवर तो आपणहून बोलायला लागला, संध्याकाळच्या वॉचवर ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीतून, नुसतं पाणी दिसतं तेव्हा मुलीचा आवाज आठवतो वगैरे. हे तो फोनवर कधीच बोलला नव्हता, फोनवर पैसे, आईचं औषध आणि "नेट जातंय" एवढंच.

शेजारी बसून समोर तिसरं काहीतरी ऐकताना एकमेकांना तपासायची गरज पडत नाही, म्हणून मला लाइव्ह गाणं फार मोलाचं वाटतं. घरात स्पीकर लावून हे होत नाही, कुकरची शिट्टी होते, मोबाईल हातात येतो. राग ओळखता आला पाहिजे असंही काही नाही, तिला येत नाही.

पण सगळ्याच घरांत गाण्याने भागेल असं समजू नका. मारहाण असेल, दारू असेल, किंवा तो नसताना कित्येक आठवडे झोप नाही, जेवण नको, जगणंच नको वाटतंय असं असेल तर आधी मदत घ्या, टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी जवळचं काहीही चालवून घ्या, देवळातलं भजन, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, गावातल्या क्लासच्या मुलांचं गाणं. नवरा किंवा बायको आल्या आल्या लगेच दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढू नका, झोप पुरी होऊ दे, आणि पहिल्या वेळी मित्रमंडळींचा ग्रुप नको, दोघंच जा.