पैसे घेऊन मिग बनवताना

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे नाशिकजवळच्या विमान कारखान्यातून, निवृत्त झालेल्या एका फिटरच्या मुलीने तुझी प्लास्टिकची विमानांची मॉडेलं पाहिली, वडिलांच्या पंचाहत्तरीला मिग-२१ बनवून मागितलं आणि तू मला एवढंच विचारलंस : काका, किती सांगू? आकड्याकडे येतोच. पण त्या ताईंना तू अजून एकही प्रश्न विचारलेला नाहीस, आणि काही न विचारता सांगितलेला आकडा नंतर तुलाच नडतो.

पहिला प्रश्न, मिग-२१ म्हणजे नेमकं कोणतं? १९६३ साली हे विमान वायुसेनेत आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये त्याला निरोप दिला गेला. मधल्या ६२ वर्षांत नाव तेच राहिलं, विमान बदलत गेलं. ओझरला आधी एफएल हा प्रकार झाला, ज्याला जुनी मंडळी टाइप ७७ म्हणतात. मग एम, मग बिस. पुढे १२५ बिसचं बायसन झालं. एफएलच्या पंखांखाली दोनच पायलन (शस्त्रं टांगायच्या खुंट्या), एमच्या चार. एफएलच्या पोटात तोफ नव्हती, एमच्या होती. बिसची पाठ जाड, बायसनची पुढची काच वेगळी आणि शेपटीवरच्या क्रमांकाआधी ‘सीयू’. तुला मला हे पाठ आहे, ताईंना नसणार, आणि ते त्यांनी का पाठ करावं? पण त्यांच्या वडिलांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण फोटो पाहून शिकलो, त्यांनी त्या पाठीवर चढून पॅनल उघडले आहेत. बायसन देऊन बसलास आणि त्या माणसाची सगळी उमेद एफएलच्या जोडणीत गेलेली निघाली, तर ते काही बोलणार नाहीत. छान आहे म्हणतील आणि कपाटात ठेवतील.

तेव्हा ताईंना विचार : वडील कारखान्याच्या कोणत्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, होते, साधारण कोणती वर्षं, घरी जुना फोटो आहे का, सहकाऱ्यांबरोबरचा, निरोप समारंभाचा, कुठलाही. सरप्राइज द्यायचं असेल तर वडिलांना थेट विचारता येणार नाही, पण त्यांचे एखादे जुने सहकारी नाशकात असतातच. त्यांच्याशी दहा मिनिटं बोल. विमानाचा क्रमांक आठवत नसेल तर नाही. अंदाजाने एखादा क्रमांक टाकण्याआधी ताईंना सांग की हा अंदाज आहे. एफएल निघालं तर दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात ते उभं आहे. तुझा मामेभाऊ दिल्लीत असतो ना? त्याला चाकांच्या खोबणीचे फोटो काढायला पाठव. सगळे लोक विमानाचा बाजूने फोटो काढतात, खाली वाकून कोणी काढत नाही.

दुसरा प्रश्न रंगाचा, आणि इथेच हौशी माणूस पैसे घेतल्यावर अडखळतो. आपल्याला मॉडेल मळवायला आवडतं. पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांत, काळा वॉश (पातळ रंग), एक्झॉस्टजवळ काजळी, टायरला धूळ, रंग उडालेल्या कडा. स्पर्धेत याचे गुण मिळतात. पण ज्याने आयुष्यभर विमान पुसून, तपासून, सही करून बाहेर सोडलं, त्याला ते मळकं मॉडेल बघून काय वाटेल? कारखान्यातून विमान नवं कोरं बाहेर पडतं. ओझरच्या माणसाला ओझरहून निघालेलं विमान दे. वॉश हलका ठेव, काळ्याऐवजी करडा घे, आणि काजळीची हौस तुझ्या पुढच्या मॉडेलवर भागव. पैसे घेतलेस की नजर त्यांची, हात तुझे. हे पटत नसेल तर ऑर्डर घेऊच नकोस. त्यात काही वाईट नाही, छंद छंद म्हणून ठेवणारे खूप चांगले कारागीर मी पाहिले आहेत.

सुरुवातीच्या काळातलं विमान निघालं तर ते उघड्या धातूच्या रंगात असू शकतं, आणि मग सगळा हिशेब बदलतो. चंदेरी रंगाखाली काही लपत नाही. सांध्यावर लांबी (पुट्टी) भरून ४०० च्या पॉलिश पेपरने घासून थांबलास तर प्रत्येक ओरखडा दिसेल. ६००, १०००, २००० असं पाण्याबरोबर चढत जावं लागतं, मग चकचकीत काळा बेस, मग लॅकरचा धातुरंग, आणि त्यानंतर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हातमोजे. हिरव्या-करड्या छलावरणाच्या (कॅमोफ्लाजच्या) दीडपट वेळ तरी धर. १९७१ च्या युद्धाच्या वेळचं छलावरण मागितलं तर आणखी सावध राहा, तेव्हा स्क्वाड्रनगणिक रंगवण्याच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. फोटो नसेल तर ‘साधारण असं’ एवढंच कबूल कर.

रंगाबरोबर हवामान. तू वडिलांच्या वाढदिवसाची तारीख कळवली नाहीस. ती श्रावणात असेल तर रंगकाम मे महिन्यातच संपवायला हवं. पावसाळ्यात लॅकर आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट हवेतली ओल धरतात आणि वाळताना पांढरट पडतात. कंप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप असला तरी तो फक्त नळीतलं पाणी अडवतो, खोलीतलं नाही. नाशकात मुंबईइतका त्रास नाही, पण गंगेला, आपल्या गोदावरीला, पूर असतो त्या आठवड्यात मी तरी क्लिअर कोटची बाटली उघडत नाही. आणि स्वयंपाकघरात मारू नकोस. मास्क लाव, कापडी नाही, वाफ शोषणारे फिल्टर असलेला.

आता आकडा. तू किटची, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्याची, किंमत परदेशी दुकानाच्या साइटवर बघून धरली असशील, सगळे तेच करतात. सीमाशुल्काच्या यादीत आपला छंद खेळण्यांच्या रांगेत बसतो. त्या रांगेवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर बाकीचे कर आणि टपाल वेगळं. म्हणून भारतातल्या दुकानदाराकडे हातात पडेल तो भाव विचार आणि तोच धर. १/४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या मापात, चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डचं किट मिळालं तर बिसचं काम सुखाचं होतं. बायसन करायचं तर रेझिनचे सुटे भाग आणि वेगळी डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लागतील, ते वेगळं लिही. १/७२ स्वस्त पडेल, पण वीतभर मॉडेल पंचाहत्तरीच्या डोळ्यांना बारीक. फूटभराचं दिवाणखान्यात शोभतं.

मजुरीचं गणित मी सरळ मांडतो. समज किट, डिकल, रंग आणि ॲक्रिलिकची केस मिळून दहा हजार झाले. १/४८ चं जेट नीट करायला ४० ते ५० तास जातात. तासाला दोनशे रुपये धरले तरी मजुरी आठ ते दहा हजार. एकूण अठरा ते वीस हजार. ताई कदाचित दचकतील, कारण बाजारात रंगवून तयार मिळणारं धातूचं मिग त्याहून पुष्कळ कमीत येतं. दचकल्या तर लगेच पाच हजार कमी करू नकोस. काम कमी कर : केसऐवजी साधा लाकडी तळ, किंवा १/७२. दर तोच, विमान लहान. पुढच्या माणसाला त्या ताईच तुझा दर सांगणार आहेत, हे लक्षात ठेव. आणि तासाला दोनशे हे काही कौशल्याचं मोल नव्हे, हे मला कळतं. पण आपल्या देशात मॉडेलची खरी मजुरी देणारा गिऱ्हाईक विरळा. ज्या दराला काम करताना रात्री अकरा वाजता तू त्या मॉडेलवर चिडणार नाहीस, तो दर घे.

किटचे आणि सुट्या भागांचे पैसे सगळे आधी. मजुरीचे अर्धे प्रायमर झाल्यावर, फोटो पाठवून. उरलेले हातात देताना. हे सगळं एका मेसेजमध्ये लिही : कोणतं विमान, कोणतं माप, कोणता रंग, किती मळकं, तारीख, रक्कम, आणि डिकल लावल्यानंतर रंग बदलायचा म्हटलं तर वेगळे पैसे. वकिली भाषा नको, साधं मराठी. ताईंनी ‘हो’ लिहिलं की काम सुरू. घरोब्यातलं काम असलं की लोक हे टाळतात आणि मग सहा महिने दोन्हीकडे अवघडलेपण. नात्यातल्यांसाठी तर हे दुप्पट करावं.

ताई कदाचित म्हणतील, आमच्या माळ्यावर एक जुनं किट पडलंय, तेच वापरा. घे, पण आधी उघडून बघ. प्लास्टिक टिकतं, डिकल टिकत नाही. पिवळी पडलेली शीट खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवली की बरीच उजळते, पण पाण्यात टाकल्यावर तिचे तुकडे होणार नाहीत याची खात्री नसते. एक बिनकामाचं अक्षर आधी भिजवून पाहा. फुटलं तर सगळ्या शीटवर लिक्विड डिकल फिल्म मार. आणि शीट नवी असो वा जुनी, वायुसेनेचा गोल नीट तपास : केशरी बाहेर, हिरवा मध्ये. केशरीच्या जागी लाल छापलेलं असेल तर ते लावू नकोस, दुसरी शीट मागव. या घरात ते पहिल्या नजरेला कळेल.

आणखी एक गोष्ट ताई मागतील, मला जवळजवळ खात्री आहे : कॅनपीखाली, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेखाली, वडिलांचं नाव. तिथे वैमानिकाचं नाव असतं आणि वडील तर फिटर होते. तुझ्या ग्रुपमधले रिव्हेट मोजणारे, बारीकसारीक चुका काढणारे, यावर हसतील. मी म्हणेन, आधी तळावरच्या पाटीचा पर्याय दे : नाव, शॉप, वर्षं, आणि त्याखाली विमानाचा प्रकार. पाटी पितळी केलीस तर बहुतेक जण तीच निवडतात. तरीही कॅनपीखालीच हवं म्हणाल्या तर घाल. सहाशेहून जास्त मिग-२१ ओझरहून बाहेर पडली आणि त्यांतल्या एकाही विमानावर ते बनवणाऱ्या कामगाराचं नाव मी तरी पाहिलेलं नाही. एका फूटभराच्या मॉडेलवर असलं तर वायुसेनेचं काय बिघडतं?

पोहोचवायचं कसं, हे आत्ताच ठरव. मिगच्या नाकावरची लांब पिटो नळी (वेग मोजायची) कुरिअरमध्ये हमखास मोडते. किटमधली प्लास्टिकची फेकून दे आणि तिथे पितळी नळी किंवा इंजेक्शनची बारीक सुई बसव. मॉडेल तळाला स्क्रूने घट्ट, तळ केसला, केस खोक्यात, खोकं मोठ्या खोक्यात. तरीही, गाव जवळचं असेल तर स्वतः घेऊन जा. चहा मिळेल, आणि ते गृहस्थ मॉडेल उलटं करून पहिल्यांदा कुठे बघतात ते तुला दिसेल. मी पैजेवर सांगतो, चाकांची खोबण. म्हणून मघाशी मामेभावाला वाकायला सांगितलं.

एका वेळी एकच ऑर्डर. तुझं ते अर्धवट नॅट विमान टेबलावरून उचलून डब्यात घालू नकोस, आठवड्यातली एक संध्याकाळ त्यालाच दे. ताईंना पाठवायचे प्रश्न आधी मला दाखवलेस तरी चालेल. आणि माझी ०.२ ची एअरब्रश सुई गणपतीपासून तुझ्याकडे आहे. धातुरंगासाठी तीच लागेल, तेव्हा काम होईपर्यंत ठेव, पण नंतर आठवणीने परत दे.

तुझा,
काका