भंगाराच्या भावातली गाडी आणि सहा बॅटऱ्यांचा हिशेब

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा सल्लागार म्हणून आणि एकदा जुनी यंत्रं दिसली की हात शिवशिवणारा माणूस म्हणून. या दुसऱ्या माणसाला विचारलंत तर तो 'घ्या' म्हणून मोकळा होईल. म्हणून उत्तर पहिल्याने लिहिलंय.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची अडचण थोडक्यात सांगतो. तुमची रोपवाटिका आहे. माती, खत, कुंड्या ढकलगाडीवरून वाहून कंबर धरली आहे. बंद पडलेल्या एका कारखान्यातली, मागे सपाट फळा असलेली बॅटरीवरची जुनी मालगाडी तुम्हाला मिळते आहे. 36 व्होल्टची, सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांची, दोन वर्षं एका जागी उभी. मेकॅनिक म्हणतो, "बॅटऱ्या टाका, पळेल." मेहुणे म्हणतात, लिथियमच टाका. पैसे घरच्या गंगाजळीतून काढावेत, कर्ज काढावं की दुसरीकडे दिसलेली चालू गाडी घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे.

तुम्ही कळवलेल्या रकमा मी भागांत मांडतो. बॅटऱ्यांच्या नव्या संचाला 100 धरू. त्या हिशेबाने गाडीचे 40, बॅटऱ्यांचे 100 आणि मेकॅनिकने सांगितलेले 'किरकोळ' 30, असे 170. चालू स्थितीतली दुसरी गाडी 260 ला आहे, तिच्या बॅटऱ्या वर्षभर वापरलेल्या. 170 म्हणजे तुमचा दीड महिन्याचा घरखर्च, आणि गंगाजळीत चार महिन्यांचा खर्च आहे.

170 आणि 260 शेजारी ठेवले की निर्णय झाल्यासारखाच वाटतो. पण त्या 170 मध्ये काय धरलेलं नाही ते पाहा. चार्जर बिघडला असेल तर 30. बॅटऱ्यांच्या जाड केबल आणि त्यांचे लग (टोकाच्या जोडणीच्या कड्या) आम्लाने हिरवे पडलेले असतात, त्यांचे 10. ब्रेक शू, टायर आणि मागच्या डिफरेन्शियलचं (मोटरची गती मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल मिळून 25. बेरीज 235 होते. हे अंदाज माझे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. मात्र 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण जुन्या गाडीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला लागू पडत असेल.

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय देऊ. 260 च्या गाडीतल्या बॅटऱ्यांचं एक वर्ष संपलेलं आहे. रोजच्या वापरात संच अडीच-तीन वर्षं चालतो असं धरलं तर 35 भाग तरी झिजलेत. म्हणजे ती गाडी खरं तर 295 ला पडते. 295 उणे 235, फरक 60 चा. जुनी गाडी दुरुस्त करण्यातली तुमची खरी बचत एवढीच, आणि तीही मोटर व मागचा धुरा शाबूत असतील तरच. त्यातलं एक जरी गेलं तरी हे 60 तिथेच संपले.

म्हणून गाडी घ्यावी की नाही यापेक्षा पैसा कोणत्या क्रमाने घालावा, हे ठरवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मेकॅनिकचा क्रम आहे आधी बॅटऱ्या. माझ्या मते बॅटऱ्या सगळ्यात शेवटी. शिशाच्या बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी आपोआप उतरतात, आणि उतरलेल्या स्थितीत राहिल्या की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते चार्ज करून सहसा जात नाहीत. तुमच्या गाडीतल्या सहा बॅटऱ्या दोन वर्षांत अशाच मेल्या असणार. नवा संच आज आणलात आणि ब्रेकच्या कामात मेकॅनिकने तीन महिने घालवले, तर 100 भागांचा माल कोपऱ्यात म्हातारा होत राहील.

पैसे देण्याआधी एक तपासणी करून घ्या, तिला जवळजवळ काहीच खर्च नाही. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत सिरीज मोटर असते, म्हणजे जिच्या आतल्या गुंडाळ्या एकामागे एक ओळीने जोडलेल्या असतात ती. गाडी नीट टेकू लावून मागची चाकं जमिनीवरून उचलायची आणि मेकॅनिकला सांगायचं की कंट्रोलर (वेग सांभाळणारा भाग), सोलेनॉइड (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सगळं बाजूला ठेवून मोटरला थेट 12 व्होल्टची एकच बॅटरी जोड. चाकं संथ, एकसारखी फिरली आणि घरघर किंवा करकर आली नाही, तर मोटर आणि डिफरेन्शियल दोन्ही बऱ्यापैकी आहेत. चाकं अधांतरी असताना पूर्ण 36 व्होल्ट मात्र द्यायचे नाहीत. सिरीज मोटरवर भार नसला की ती वेग घेतच जाते आणि स्वतःचाच चुराडा करून घेऊ शकते. मोटर फिरलीच नाही तर लगेच धीर सोडू नका. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) झिजलेले किंवा अडकलेले असू शकतात, आणि तो या गाडीतला सगळ्यात स्वस्त दोष. हे ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या जळून खड्डे पडलेले दिसले तर मात्र हात जोडून निघून या.

मोटर पास झाली तर पुढची पायरी. ओळखीपाळखीतून 12 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या उसन्या आणा, मोटारगाडीच्या चालतील. ओळीने जोडल्या की 36 व्होल्ट होतात. त्यांवर गाडी जमिनीवर पाच-सात मिनिटं पुढे-मागे चालवून बघा. या बॅटऱ्या खोलवर उतरवायच्या नसतात, तेव्हा फेरी आवरती घ्या. आणि जोडताना हातात अंगठी, कडं, धातूचं घड्याळ नको. एवढ्यात सोलेनॉइड 'टक' करतो का, रिव्हर्स पडतो का, वेग टप्प्याटप्प्याने वाढतो का, हे सगळं कळतं. काही बंद असेल तर त्याचा भाव वजा करून बोलणी करा. गाडीवरची नावाची पट्टी पुसली गेली आहे असं तुम्ही लिहिलंय, तेही बोलण्यात आणा. सोलेनॉइड व्होल्टेजवरून आणि बेअरिंग मापावरून मिळतात, पण धुऱ्याचे आणि ब्रेकचे भाग मॉडेल माहीत नसेल तर शोधत बसावे लागतात. 40 सांगितलेल्या गाडीचे 25 द्यायला हरकत नाही. ती आत्ता चालत नाही, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे.

चार्जरचे 30 वाचण्याची शक्यता आहे. जुने स्वयंचलित चार्जर बॅटरीत थोडं तरी व्होल्टेज असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. मेलेल्या संचाला लावला की तो गप्प बसतो आणि लोक त्यालाच भंगारात काढतात. उसन्या बॅटऱ्यांवर मिनिटभर लावून बघा. गुणगुणला आणि काटा हलला तर नवा घ्यायची घाई नको.

बॅटऱ्यांवर एक अनुभव सांगतो, माझाच. घरच्या इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक गेली. मी शहाणपणा करून एकच नवी आणली. जुनी लवकर उतरायची, नवीवर ताण यायचा, चार्जिंगला दोघींचं जमायचं नाही. वर्षाच्या आत नवीही बसली. सगळ्यांना हिशेब शिकवणाऱ्या माणसाच्या घरची ही गोष्ट. तेव्हा 'सहापैकी दोनच खराब आहेत, दोनच बदलू' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. सहा एकदम, एकाच जातीच्या, एकाच तारखेच्या.

मेहुण्यांचं लिथियमचं म्हणणं चुकीचं नाही. वजन कमी, पाणी घालायची कटकट नाही, आयुष्य कितीतरी जास्त. पण सुरुवातीलाच जास्त पैसा अडकतो, शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर त्यांना चालत नाही, आणि तुमची गाडी दिवसाला दोन-तीन तास फिरणार आहे. ज्या गाडीचा मागचा धुरा किती वर्षं काढेल हे माहीत नाही, तिच्यात दहा वर्षांची बॅटरी घालू नये. पहिला संच शिशाचाच टाका. तो संपेपर्यंत गाडी टिकली तर तेव्हा लिथियमचं बोलू.

विजेची काळजी सोडा. 225 अँपिअर-तासांचा 36 व्होल्टचा संच म्हणजे साधारण 8 युनिट. तो निम्माच वापरायचा हा नियम पाळलात तर रोज 4, आणि चार्जिंगमधली गळती धरून 5 युनिट. खरा रोजचा खर्च बॅटरीच्या झिजेचा आहे, तो बिलात दिसत नाही. 100 भागांचा संच 30 महिने चालला तर महिन्याला साडेतीनच्या आसपास. गाडी सुरू झाली त्या महिन्यापासून ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका. हे केलं नाहीत तर अडीच वर्षांनी याच गंगाजळीबद्दल हेच पत्र पुन्हा लिहाल.

आता फायद्याची बाजू. इथे मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे. तुम्ही लिहिता, गाडीमुळे एका माणसाची अर्धी पाळी वाचेल. तो माणूस महिन्याच्या पगारावर आहे. अर्धी पाळी वाचली म्हणून त्याचा पगार अर्धा होणार नाही. त्या वेळात तो कलमं बांधणार असेल, जास्त पिशव्या भरणार असेल आणि तो माल विकला जाणार असेल, तर तो फायदा. नाहीतर तो सावलीत बसेल, आणि बसू दे बापडा, पण ती बचत कागदावर धरू नका. कंबरेचं कारण मला त्याहून पटतं. त्याला सरळ प्रकृतीचा खर्च म्हणा. त्यासाठी पैसे घालायला माझी ना नाही, फक्त ते धंद्याच्या नफ्याच्या नावावर घालू नका.

पैसा कुठून? चार महिन्यांच्या गंगाजळीतून एक महिन्याचा खर्च, म्हणजे सुमारे 113 भाग, याच्या वर हात लावू नका. गाडीचे 25 आणि ब्रेक, केबल, किरकोळ मिळून 65, असे 90 त्यातून जातील. चार्जर नवाच घ्यावा लागला तर 120, त्यातले वरचे 7 धंद्यातून. बॅटऱ्यांचे 100 रोपवाटिकेच्या हंगामाच्या विक्रीतून उभे करा. कामं उरकेपर्यंत हंगाम येईलच. अगदीच नाही जमलं तर फक्त बॅटऱ्यांपुरतं छोटं कर्ज, आणि त्याचा हप्ता बारा महिन्यांत संपला पाहिजे. हप्त्याने बॅटरीपेक्षा जास्त जगता कामा नये. गाडीसाठी कर्ज नको, कारण ती विकायला काढलीत तर पुन्हा भंगाराच्याच भावात जाईल.

बॅटऱ्यांसकट सगळ्या खर्चाची वरची मर्यादा 240. वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहा, मेकॅनिकसमोर उभे असताना नव्हे. बॅटऱ्या घेण्याआधीच खर्च 140 च्या पुढे जातोय असं दिसलं तर काम थांबवा आणि 260 च्या गाडीवाल्याला फोन करा. 'आता इतके घातलेत तर' हे वाक्य तोंडात आलं की समजा, थांबायची वेळ टळून चालली आहे.

एवढ्या अटींवर माझं उत्तर 'घ्या' असं आहे. तो यंत्रवेडा माणूस खूश आहे.

जाता जाता, त्या सहा मेलेल्या बॅटऱ्या गाडीसोबत तुम्हालाच मिळतील हे व्यवहारात स्पष्ट करून घ्या, आणि मेकॅनिकच्या दुकानात 'असू दे' म्हणून सोडून येऊ नका. या मापाची एकेक बॅटरी 28 किलोच्या आसपास भरते, त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. नवा संच देणारा दुकानदार त्या वजनावर परत घेतो. भाव आधी दोन ठिकाणी विचारा, आणि काटा तुमच्यासमोर लावायला सांगा.