पुरानंतरची पेटी

"घरात चूल पेटवायला कोरडं लाकूड न्हाई, आन तुमी पोरांस्नी सारेगम शिकवायचं म्हणताव? शोभंल का वो हे?"

सीनाकाठच्या एका गावातल्या आजोबांनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला. शिक्षकांनी विचारला, आयांनी विचारला, एकदा तर जेवताना माझ्या नवऱ्यानंही विचारला. म्हणून त्या आजोबांच्या नातवाची गोष्ट लिहिते आहे. घरच्यांना विचारलं आहे, आणि ओळख लागू नये इतपत तपशील बदलले आहेत.

सप्टेंबर २०२५. घट बसले त्याच आठवड्यात सीनेला पाणी आलं. वर पाऊस थांबेना, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं भरून वाहू लागली, आणि करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदी शेतात शिरली. लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला. आपण सोलापूरची माणसं दुष्काळाला सरावलेली. टँकर, चारा छावणी, उजनीत पाणी किती टक्के, हे सगळं आपल्याला तोंडपाठ. पण पुरातून आलेल्या पोराशी काय बोलायचं, याचा कुणालाच सराव नव्हता. मलाही नव्हता.

सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एरवी येतात ती बारावीची मुलं, भांडणारी जोडपी, झोप न येणारे कारकून. ऑक्टोबरमध्ये एक बाई एसटीनं आली, सोबत चौथीतला मुलगा. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, ह्याला बोलतं करा की वो. पाणी आल्यापास्नं गप हाय."

मुलगा ९ वर्षांचा. रात्री पायात चपला घालून झोपायचा. अंथरूण ओलं करू लागला होता, ते आईनं पदर तोंडाशी धरून सांगितलं. आणि दिवसातून दहादा बापाचा मोबाईल मागायचा, वरच्या धरणातून किती पाणी सोडलंय बघायला. माझ्याशी तो पहिल्या दिवशी एकच शब्द बोलला. मी विचारलं, मोबाईलवर काय बघतोस? तो म्हणाला, "क्युसेक."

मी त्याला बोलतं केलं नाही. हे आईला पटवणं अवघड गेलं. आपल्याकडं समजूत अशी की आतलं सगळं एकदा बाहेर पडलं की माणूस मोकळा होतो. मोठ्या माणसाच्या बाबतीतही ते दरवेळी खरं नसतं. आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून 'काय काय घडलं ते सांगा' म्हणायची एक पद्धत होती. ती आता सहसा कुणी सुचवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचारावर एक मार्गदर्शिका काढली, तिच्यातही हेच आहे की बोलायची बळजबरी करू नका. आधी सुरक्षित जागा, कोरडे कपडे, आपली माणसं. बोलेल तेव्हा ऐका.

मला हे पुस्तकाआधी एका मुलीनं शिकवलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी बारावीत होते. आमच्याही भिंती हलल्या. जखमी माणसं सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आणत होते, आणि आमची आई भाकऱ्यांचे डबे घेऊन जायची, मला ओढत. तिथं पायाला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी होती. जो येईल तो तिला विचारायचा, बाळ, काय झालं? ती सांगायची. शब्द तेच, क्रम तोच, पाठ झालेली कविता म्हणावी तसं. चौथ्या दिवशी तिनं मला बघितल्या बघितल्या, मी न विचारताच सुरू केलं.

तर या मुलाकडं वळते. दुसऱ्या भेटीत तो माझ्या टेबलावरचा स्टीलचा पेला बोटांनी वाजवत होता, अगदी हळू. आई म्हणाली, "सारखं असंच करतंय. आज्याची पेटी हाय ना, भजनी मंडळातली. तिच्यापशीच बसायचा. भिजली ती." त्या आठवड्यात मी गावाला गेले.

पेटी ओसरीत उन्हाला ठेवली होती. लाकूड फुगून पट्ट्या खाली गेल्या त्या वर येत नव्हत्या. भात्याचा डिंक सुटलेला, घड्या उकललेल्या. आतल्या पितळी सुरांवर हिरवं चढलं होतं. आजोबा जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक सूर घासत होते, पण कसे, तर माझ्याकडं बघून हात थांबवत. जणू चोरून काही करताना सापडले. शेजारी तलाठ्याची वाट बघत बसलेली चार माणसं. सोयाबीन कुजलेलं, जमीन खरडून गेलेली, दावणीला बांधलेली म्हैस आणि तिचं रेडकू गेलेलं. मी म्हटलं, पेटी दुरुस्त झाली की शाळेच्या व्हरांड्यात पोरांना शिकवाल का? तेव्हा त्यांनी तो सुरुवातीचा प्रश्न विचारला.

मी त्यांना उपदेश केला नाही, एक गोष्ट सांगितली. हैतीमध्ये रोमेल जोसेफ नावाचे व्हायोलिनवादक होते, जवळपास अंध. मुलांना शिकवायला त्यांनी शाळा काढली होती. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात ती शाळाच त्यांच्या अंगावर पडली. १८ तास ते ढिगाऱ्याखाली अडकले होते, आणि त्या वेळात शिकलेल्या रचना मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होते. बायको त्यात गेली. पुढं हात बरा करून ते पुन्हा शिकवायला लागले.

आजोबा बराच वेळ ब्रश फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मनात पेटी वाजवली म्हणा की." थोड्या वेळानं, "त्या रात्री शाळंच्या स्लॅबवर बसलो हुतो आमी. पोरगं मांडीवर. मी बी मनातच म्हणत हुतो. ह्याला आयकू गेलं नसंल."

बेस्तरवार, म्हणजे गुरुवार, ठरला. संध्याकाळी पाच.

पहिल्याच दिवशी चूक झाली, आणि ती माझी. पेटी अजून पंढरपूरला दुरुस्तीला होती, म्हणून मी कुणाची तरी ढोलकी मागवली. पोरं नुसती टाळ्या-ढोलकीवर बसतील असा माझा हिशेब. मंडळातल्या एका तरण्या पोरानं उत्साहानं धुमावर, म्हणजे ढोलकीच्या जाड आवाजाच्या बाजूवर, थाप मारली आणि हा मुलगा उठून पळाला. रस्त्यापर्यंत. मी मागं. भिजलेल्या मातीच्या भिंती त्या रात्री एकेक करून बसत होत्या, आणि भिंत बसताना जो आवाज येतो तो तसाच असतो. त्यानं तो अंधारात रात्रभर ऐकला होता. हे मी आधी विचारायला हवं होतं. संगीत म्हटलं की ते चांगलंच, हा माझा भाबडेपणा.

पुढच्या वेळी मी त्याला एक काम दिलं. तू हात वर केलास की सगळ्यांनी थांबायचं. कितीही वेळा. त्यानं आम्हाला त्या दिवशी अकरा वेळा थांबवलं. बाकीची पोरं वैतागली. एक तर म्हणालाच, "का बे, सारखं काय लावलास?" पण नियम म्हणजे नियम. तिसऱ्या बेस्तरवारी त्यानं चारदा थांबवलं, आणि चौथ्या वेळी स्वतःच ढोलकी ओढून घेतली. धुमावर एक बोट ठेवलं. मग तळहात. आवाज आला, त्याला हवा तेवढा.

मला लोक विचारतात, गाण्यात असं काय असतं? मोठमोठे शब्द वापरले जातात. मला जे दिसलं ते साधं आहे. केरवा हा ताल आठ मात्रांचा. धा गे ना ती, न क धी न, आणि परत धा. पोराला पुढं काय येणार ते ठाऊक असतं, आणि ते येतं. पुन्हा येतं. ज्या मुलाला पुढचं काहीच ठरलेलं नाही असं एका रात्रीत कळलंय, त्याला समेवर परत येण्याचं फार अप्रूप असतं. शिवाय गाताना श्वास लांब सोडावा लागतो. घाबरलेलं मूल वरवर, भराभर श्वास घेतं; त्याला 'लांब श्वास घे' म्हणून सांगा, तो घेणार नाही. 'सा लांबव, बघू कोण जास्त टिकतो' म्हणा, लगेच घेतो.

आणि शिकवणं हवं, नुसतं ऐकवणं नाही. करमणुकीचे कार्यक्रम पुरानंतर बरेच झाले. पोरं हसली, टाळ्या वाजवल्या, गाडी निघून गेली. शिकण्यात मागच्या वेळी न जमलेलं आज जमतं, आणि आज न जमलेल्यासाठी पुढचा बेस्तरवार असतो. जपानमध्ये २०११च्या त्सुनामीनंतर फुकुशिमा भागातल्या सोमा शहरात, दुसऱ्या वर्षी, मुलांना वाद्यं शिकवायचा असाच उपक्रम सुरू झाला, आणि तो एका कार्यक्रमापुरता नव्हता. मी मुलांशी 'आशा' हा शब्द वापरत नाही. पुढच्या वेळी काय शिकायचं, एवढंच विचारते.

पेटी दिवाळीनंतर आली. सगळे सूर बोलले, मधल्या सप्तकातला ग सोडून. दुरुस्तीवाल्यानं सूर बदलावा लागेल म्हणून सांगितलं होतं, पण आजोबा म्हणाले, पैशे आल्यावर बघू. मग पोरं सा, रे पेटीबरोबर म्हणायची, ग नुसत्या गळ्यानं, आणि म पुन्हा पेटीवर. ग दरवेळी इकडंतिकडं व्हायचा. त्यावरून भांडणं. या मुलाचं म्हणणं, आपला ग बरोबर असतो, बाकीच्यांचाच चुकतो. खरंच, त्याचाच बरोबर असायचा.

एकदा तो भाता मारायला बसला होता. आजोबा चहाला गेले होते, मी वहीत हजेरी लिहीत होते. मान वर न करता तो म्हणाला, "रेडकाचं दावं मला सोडायचं हुतं. बाबा म्हणला हुता, दावं सोड. मी आधी दप्तर घेतलो." भाता चालूच होता, सूर कुठलाच दाबलेला नव्हता, नुसती हवा. मी म्हटलं, पाणी कुठवर होतं तेव्हा? त्यानं हात छातीपाशी धरला. मी म्हटलं, गाठ पाण्याखाली होती म्हणजे. तो विचार करत राहिला. "ओली गाठ सुटत न्हाई," असं काहीसं म्हणाला. त्या संध्याकाळी मी त्याच्या बापाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की दाव्याबद्दल तुम्ही एकदा त्याच्याशी बोला. काय बोलले ते मला माहीत नाही. पुढच्या वेळी बाप स्वतः त्याला सोडायला आला होता, शेवटपर्यंत व्हरांड्याच्या कडेला उकिडवा बसून राहिला.

दोन गोष्टी मात्र ठणकावून सांगते. एक, या मुलांना मदत देणाऱ्यांपुढं उभं करून गायला लावू नका. एकदा शहरातून किट वाटायला मंडळी आली, कॅमेरे होते, आणि 'पूरग्रस्त मुलांचं एखादं गाणं होऊन जाऊ दे' अशी फर्माईश झाली. मी नाही म्हटलं. गावातले काहीजण माझ्यावर नाराज झाले, दोन बेस्तरवार व्हरांड्याची किल्ली मिळेना. चालेल. किटच्या बदल्यात गाणं म्हटलेलं पोर पुन्हा गाईल, पण ते गाणं त्याचं राहत नाही.

दुसरी, गाणं म्हणजे उपचार नव्हे. त्याच वर्गात एक मुलगी होती, तिला याचा काडीचा उपयोग झाला नाही. ती यायची, कोपऱ्यात बसायची, जेवण तुटलेलं, शाळा सुटलेली. बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटून गेल्यावरही झोप, खाणं, शाळा रुळावर येत नसेल, तर व्हरांड्यातल्या सारेगमवर विसंबू नये. तिला मी मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. एसटीच्या खर्चामुळं जाता येत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात.

परवा रात्री अवकाळीची एक सर येऊन गेली. मला झोप लागेना. सोलापुरात एवढासा पाऊस, आणि मी त्या गावाच्या काळजीत. सकाळी त्या मुलाच्या आईचा फोन आला. रात्री उठून बसला होता म्हणाली. चपला घातल्या का, मी विचारलं. "न्हाई, उशाला घेतल्या. मोबाईल मागितला एकदा." मग मागून गलका, फोन हिसकावल्याचा आवाज.

"मॅडम, रस्त्याला चिखल झालाय. क्लास हाय का आज?"

मी म्हटलं, तू येणार असशील तर आहे.

"मी येतो की. आज्याला तुमी सांगा. त्योच कंटाळा करालाय."