बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले तर पाण्याखाली जास्त वेळ राहता येतं का? माझा मित्र म्हणतो, त्याने रक्तात ऑक्सिजन साठतो.

वेळ वाढतो, पण कृपा करून हे करू नका. तुमचा मित्र म्हणतो तसा त्याने रक्तात ऑक्सिजन साठत नाही.

मी नर्सिंगच्या मुलामुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. पोहायला मात्र गावच्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. तळाची माती कोण वर आणतो याची पैज लागायची आणि सूर मारण्याआधी काठावर उभं राहून छातीचा भाता करायची आमची रीतच होती. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

निरोगी माणूस नुसता बसलेला असला तरी त्याच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. करोनात बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितला असेल, तोच हा आकडा. भरलेल्या हंड्यात आणखी किती ओतणार? भराभर श्वासांनी रक्तातून झपाट्याने निघून जातो तो कार्बन डायऑक्साइड.

आणि दम कोंडल्याची जाणीव मुख्यतः त्याच्यामुळेच होते. तो साठला की मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेजवळच्या पेशींना ते कळतं आणि छाती-पोटामधल्या श्वासपटलाला हुकूम सुटतो. श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो, हे हॉल्डेन आणि प्रिस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी मानेतल्या धमनीपाशी असतात, पण तो बराच खाली उतरेपर्यंत त्या फारशी ओरड करत नाहीत.

म्हणजे भाता करून तुम्ही धोक्याची घंटाच काढून ठेवता. खाली हातपाय मारताना ऑक्सिजन संपत जातो, तरी गुदमरल्यासारखं वाटत नाही. वर येऊ लागलात की पाण्याचा दाब घटतो, फुफ्फुसातल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनचा दाबही पडतो आणि पाण्याबाहेर डोकं काढायच्या आतच शुद्ध हरपते. ना धडपड, ना हाक. काठावरच्यांना वाटतं, पोरगा अजून खालीच आहे, दमदार आहे. त्या अवस्थेत शरीर आपोआप श्वास घेतं आणि फुफ्फुसात पाणी जातं. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत.

नेहमीसारखा एकच श्वास घ्या आणि दम कोंडू लागला की लगेच वर या. दोन बुड्यांमध्ये निवांत विसावा घ्या. काठावर पोहता येणारं कुणीतरी हवंच, आणि त्याची नजर पाण्यावर हवी, मोबाइलवर नको.