आंबट शीत आणि लोणच्यातला बांगडा

तुमचा प्रश्न: ‘पणजीत दोनतीनदा सुशी खाल्ली, आवडली. घरी करायची तर बाजारातला ताजा मासा कच्चाच वापरला तर चालेल का? आपला उकडा तांदूळ चालतो का? की आपण घरी करू ती खरी सुशी नव्हेच?’

कच्चा मासा: नाही. उकडा तांदूळ: नाही. तिसऱ्या प्रश्नाला मात्र जरा बसावं लागेल, कारण त्याचा निकाल माझ्याच घरात, अकरा माणसांसमोर लावला गेलाय आणि तो मला मान्य नाही.

माझा धाकटा दीर तारवटी आहे. क्रूझवर, स्वयंपाकघरात. आठ महिने दर्यात, मग दोनअडीच महिने घरी. तारवटी घरी येताना चॉकलेटं आणतो, सेंटच्या बाटल्या आणतो आणि जेवणाबद्दलची मतं आणतो. यातली चॉकलेटं तेवढी आठवड्यात संपतात.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो आला तेव्हा मी सुशीच्या नादाला लागलेले होते. मुलीचा पहिला पगार झाला म्हणून ती आम्हाला हणजूणच्या बाजूला एका ठिकाणी घेऊन गेली होती. आठ तुकडे, नऊशे रुपये. ‘ह्या पैशांत घरी चार दिवसांचं नुस्तं (मासळी) येतं,’ असं नवरा म्हणाला आणि निम्मे तुकडे त्यानंच संपवले. मला आवडला तो भात. किंचित आंबट, किंचित गोड, हाताला लागेल न लागेल इतकाच कोमट. मासा कुठला होता आठवतही नाही.

घरी पहिल्यांदा केली ती उकड्या तांदळाची. हसा. उकडा दाणा कांडण्याआधीच एकदा शिजून वाळलेला असतो, त्यातला स्टार्च घट्ट बसलेला असतो, म्हणून तर पेजेतसुद्धा शीत सुटंसुटं राहतं. पेजेला तो गुण, इथे तोच अवगुण. रोल गुंडाळला, सुरी लावली आणि शितं ताटभर पळाली. हातात नोरीची, म्हणजे रोलभोवतीच्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाची, ओली पट्टी तेवढी राहिली, पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी. बासमतीच्या आणि कोलमच्या वाटेला तर जाऊच नका.

चालतो तो मावळातला इंद्रायणी. आमच्या फोंड्यात सहज मिळतो. (जपानी बुटका तांदूळ ऑनलाइन मिळतो, खिसा असेल तर तो घ्या.) पाणी निवळ होईपर्यंत धुवायचा, अर्धा तास निथळत ठेवायचा, वाटीला सव्वा वाटी पाणी घालून जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर शिजवायचा. कुकर नको. दोन वाट्या तांदळाला तीन मोठे चमचे व्हिनेगर, दीड मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मीठ. साखर विरघळेपर्यंतच कोमट करायचं. भात गरम असतानाच परातीत पसरून त्यावर हे शिंपडायचं आणि लाकडी उलथन्यानं कापत कापत वरखाली करायचा, एका हातानं विंझणा घालत. ढवळलात तर लापशी होईल. परात स्टीलची घ्या, पितळेची नको, आंबट लागलं की कळकते. माझी शेजारीण माडाच्या सुरेचं व्हिनेगर घरी करते, मी तेच वापरते. ते जपानी व्हिनेगरपेक्षा उग्र, म्हणून दोन चमचे ते आणि एक चमचा पाणी. भाताला जरासा तांबूस रंग येतो, येऊ दे.

आता तो रविवार. दीर, जाऊ, त्यांची मुलं, नणंद, सगळे जेवायला. सकाळी सातला बाजारातून बांगडे आणले, शेपटीला धरून आडवा केला तरी वाकणार नाही असे ताठ. मधला काटा काढून दोन दोन फाका केल्या आणि जाड्या मिठात तासभर ठेवल्या. बांगडा पाणी सोडतो आणि मांस आवळून येतं, बोट दाबलं तर रबरासारखं लागतं. मग धुवून, पुसून व्हिनेगरात अर्धा तास. कडा पांढऱ्या होत जातात. आता वरचं पातळ कातडं डोक्याच्या बाजूनं नखानं सोडवून शेपटीकडे ओढलं की अख्खं निघतं, वहीच्या प्लास्टिक कव्हरासारखं, आणि खालची निळीहिरवी चमक जशीच्या तशी राहते. मधल्या रेषेतले बारीक काटे मी मुलीच्या भुवयांच्या चिमट्यानं काढले. (तिला नवा आणून दिला.)

इथपर्यंत जपानी लोक करतात तो ‘शिमे साबा’. ते तो तसाच खातात. मी नाही खात. मिठानं आणि व्हिनेगरानं मासा घट्ट होतो, पण त्यातले कृमी असतील तर ते मरत नाहीत. म्हणून मी फाका तव्यावर दोन्हीकडून आतपर्यंत भाजल्या.

मग एक चौकोनी स्टीलचा डबा. आत केळीचं पान, त्यावर बांगडा चमकती बाजू खाली, वर दोन बोटं भात, पुन्हा पान, त्यावर बसेल असा पाट आणि पाटावर वरवंटा. अर्ध्या तासानं उलटा केला आणि ओल्या सुरीनं कापला. एकेक तुकडा हळदीच्या पानात बांधला. नोव्हेंबरात हळदीची पानं पिवळी पडायला लागतात, परसात वाकून वाकून हिरवी शोधली. ती सोडताना जो वास येतो तो तुम्हाला सांगायला नको, पातोळ्या खाल्ल्या असतील.

दिरानं एक पान सोडलं, तुकडा अर्धा खाल्ला, अर्धा परत पानावर ठेवला आणि म्हणाला, ‘वयनी, ही सुशी न्हय. हें आंबट शीत आनी वयर लोणच्यांतलो बांगडो.’

सगळे हसले. नवराही हसला. पुढे व्याख्यान: सुशीत मासा कच्चाच लागतो, आमच्या जहाजावर सॅमन असतो, भाजलेला बांगडा घालून पानात बांधली तर ती पातोळी. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘सुशी म्हळ्यार कितें तें म्हाका खबर ना, पूण मीठ बरें पडलां.’ नावं ठेवून झाल्यावर उरलेले नऊ तुकडे त्याच डब्यात भरून दीर वास्कोला घेऊन गेला. वर दर वर्षी तो किस्सा सांगतो, आणि दर वर्षी बांगडा जास्त आंबट होत जातो.

तर चार वर्षं मी यावर वाचते आहे. गंमत अशी की त्यानं थट्टेत जी व्याख्या केली ती अक्षरशः बरोबर आहे. सुशी या शब्दाच्या मुळाशी ‘आंबट’ आहे. कच्चा मासा नुसता कापून वाढला तर त्याला साशिमी म्हणतात, तो वेगळा पदार्थ. आणि सुशी सुरुवातीला होती लोणचंच. मासा मिठात घालायचा, मग भातात पुरून महिनोन्‌महिने दडपून ठेवायचा. भात आंबला की मासा टिकतो. खाताना मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. शिगा प्रांतात बिवा तळ्याकाठी गोड्या पाण्यातल्या माशाची ‘फुनाझुशी’ आजही अशी करतात. आमच्या घरात पावसाळ्याआधी पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना खाऱ्या माशांचे डबे लागतात, त्याचंच हे भावंड. बोटांनी दाबलेल्या भातावर माशाचा काप ही आजची तऱ्हा एदोतली, म्हणजे जुन्या तोक्योतली, आणि तिचं श्रेय १८२०च्या दशकातल्या हानाया योहेईला देतात. भात आंबायची वाट कोण बघणार, म्हणून भातात सरळ व्हिनेगर. गाड्यावरचं झटपट खाणं होतं ते, आपल्या रसऑम्लेटसारखं.

बांगड्याचं म्हणाल तर, साबा हा बांगड्याचाच भाऊबंद. क्योतोला समुद्र नाही. वाकासाच्या किनाऱ्यावरून मीठ लावलेला साबा डोंगर ओलांडून तिथे जायचा आणि त्या वाटेचं नावच ‘साबा काइदो’, बांगड्याची वाट म्हणा. त्याची दाबलेली सुशी ओसाकात आहे. नाराकडे खारवलेला साबा भातावर ठेवून पर्सिमनच्या पानात बांधतात, तिला ‘काकिनोहा-झुशी’ म्हणतात. फुकुईकडे भाजलेल्या साबाची सुशी खास म्हणून मिळते. पान झालं, दाबणं झालं, भाजणं झालं. मी तिन्ही एकत्र केलं इतकाच माझा गुन्हा.

आणि जहाजावरचा सॅमन! जपानी माणूस सॅमन खारवून, भाजून खायचा. पॅसिफिकमधल्या सॅमनमध्ये कृमी असतात म्हणून कच्चा खात नसत. सुशीवर कच्चा सॅमन आला तो १९८०च्या दशकात, नॉर्वेला आपला पाळलेला सॅमन खपवायचा होता म्हणून. दिराची ‘अस्सल’ सुशी वयानं दिराहून लहान निघाली.

आता तुमचा पहिला प्रश्न, कारण तो जिवाशी आहे. बाजारातला मासा कितीही ताजा असला तरी तो कच्चा खाण्यासाठी कोणी धरलेला, हाताळलेला नसतो. ताजेपणाचा आणि कृमींचा संबंध नाही, उड्या मारणाऱ्या माशातही ते असू शकतात. अमेरिकेतला नियम असा की कच्चा खायचा मासा उणे २० अंशाला ७ दिवस गोठवायचा. घरचा फ्रीजर जेमतेम उणे १८ला जातो, त्यात आपल्याकडची वीज. शिवाय जून-जुलैत ६१ दिवस ट्रॉलर बंद, तेव्हा बाजारात येतो तो बराचसा बाहेरचा मासा. २०१८च्या जुलैत माशात फॉर्मेलिन हे रसायन असल्याच्या भीतीनं गोवा सरकारनं बाहेरून येणारा मासाच १५ दिवस थांबवला होता, ते इतक्यात विसरायचं कारण नाही. कच्चा खायचाच असेल तर गोठवलेला मासा आणून देणाऱ्या चांगल्या ठिकाणी जा आणि नऊशे रुपये मोजा.

घरी करायला शिजलेलं ढीगभर आहे. जपान्यांच्या सुशीतही कोळंबी उकडलेली, ईल शिजवलेला, अंडं गोडसर भाजलेलं असतं. सुंगटं उकडताना पाठीतून काडी खोचा म्हणजे वाकत नाहीत. माझी मुलगी रवा लावून तळलेली सुंगटं रोलमध्ये घालते. दिराला हेही चालत नाही. पण जपान्यांचा पिठात बुडवून तळलेला तेम्पुरा तरी कुठून आला? पोर्तुगिजांकडून. १५४८ साली अंजिरो नावाच्या जपानी माणसाचा इथे गोव्यात बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर इथून त्याला घेऊन कागोशिमाला पोचला. पोर्तुगिजांचा एकच शब्द घेऊन आपण पाव म्हणतो आणि ते पान म्हणतात. पावणेपाचशे वर्षांची ये-जा आहे. रव्यानं काय बिघडणार आहे?

सोमवारी काकडीचा रोल करा, तो त्यांच्याकडेही जुनाच आहे. सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, वासाबी, म्हणून नळीत मिळते ती बहुतेक हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असते. मोहरी पाण्यात फेसून घेतलीत तर तोच झणका नाकात जातो, कारण दोन्हींतलं झोंबणारं द्रव्य एकच. नोरी वापरण्याआधी गॅसवरून पापडासारखी फिरवून घ्या आणि पाकीट उघडलं की हवाबंद ठेवा, आपल्या हवेत तासाभरात मऊ पडते.

एक राहिलं, खरं तर आधीच सांगायला हवं होतं. बांगडा उन्हात, बर्फाविना पडलेला असेल तर त्यात हिस्टामिन तयार होतं, तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. ते भाजून जात नाही, व्हिनेगरानं जात नाही, गोठवूनही जात नाही. तेव्हा बर्फावरचाच घ्या आणि घरी आणल्यावर मीठ लावून ठेवाल तेही फ्रीजमध्ये. आणि केलेली सुशी त्याच दिवशी, तीनचार तासांत संपवा. भात फ्रीजमध्ये टाकला की दगड होतो, बाहेर ठेवला की गोव्यात काय होतं ते तुम्ही जाणता.

दीर हे वाचणार नाही, तो मराठी कंटाळा करत वाचतो. जाऊ मात्र वाचते. गो, वाचत असशील तर तो चौकोनी स्टीलचा डबा पाठवून दे. चार वर्षं झाली. दुसऱ्या कुठल्याच डब्यात पाट बसत नाही.