रोज बद्धकोणासन (तळवे जुळवून, गुडघे बाहेर सोडून बसणे) करूनही मांडीच्या आतल्या बाजूची ओढ का जात नाही?

ओढ जांघेपासून गुडघ्यापर्यंत जाणवत असेल, तर ग्रॅसिलिस हा लांब, सडपातळ स्नायू तपासावा. तो जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या खालच्या, पुढच्या हाडापासून) निघून गुडघ्याखाली नडगीच्या आतल्या बाजूस जोडलेला असतो. मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंपैकी गुडघा ओलांडणारा हा एकटाच असल्यामुळे, बद्धकोणासनात गुडघे दुमडताच तो सैल पडतो आणि सगळा ताण आखूड स्नायूंवर येतो. त्याऐवजी उपविष्टकोणासन करावे, म्हणजे पाय फाकवून, गुडघे सरळ ठेवून, पाठीला पोक न काढता कमरेतून झुकावे आणि ३० सेकंद थांबावे. गुडघ्याच्या आत टोचू लागले, तर पाय जवळ घ्यावेत. नुसत्या ताणाने भागत नाही, हे मी आग्रहाने सांगेन. गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरण्यापासून सुरुवात करून ताकदही वाढवावी.