पासपोर्ट आईच्या हातात दे

ताई,

पुढच्या महिन्यात माझ्या आईला सत्तर वर्षं पूर्ण होताहेत. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. आम्ही तिघं भावंडं: दादा, मी आणि धाकटा भाऊ. दादाने ठरवलं की आईला घेऊन सगळ्यांनीच आठ दिवस परदेशात डोंगरात जायचं. नातवंडं धरून अकरा जण. विमानतळावर पोचेपर्यंत तिला पत्ता लागू द्यायचा नाही, "लग्नाला जायचंय" म्हणून घराबाहेर काढायचं. बुकिंग झालंय. मुक्काम साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. आईला बीपीची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात.

तिकिटं काढताना दादाने तिचा पासपोर्ट कपाटातून गुपचूप नेला आणि आयत्या वेळी गडबड नको म्हणून स्वतःकडेच ठेवला. मागच्या आठवड्यात आईला तो कशासाठी तरी लागला. दोन दिवस तिने कपाट उपसलं. मग मला फोन करून म्हणाली, "माझ्या काही लक्षातच राहत नाही गं आता. कुठे ठेवला, कुणाला दिला, काही आठवत नाही." मी गप्प बसले. शिवाय तोंडून काही निसटू नये म्हणून आम्ही सगळेच तिला फोन कमी करतोय. परवा म्हणाली, "यंदा वाढदिवसाचं काही करू नका, तुम्हाला कुठे वेळ असतो." दादा म्हणतो, "थोडे दिवस कळ काढ. विमानतळावर तिचा चेहरा बघशील तेव्हा सगळं भरून निघेल." मी त्याला शब्द दिलाय. सांगितलं तर त्याच्या आनंदावर विरजण, आणि नाही सांगितलं तर आईकडे बघवत नाही. काय करू?

— मधली

प्रिय मधली,

आधी पासपोर्ट. तो उद्या संध्याकाळच्या आत आईच्या हातात पडायला हवा. सहलीचं, वाढदिवसाचं बाकी सगळं चार दिवस मागेपुढे झालं तरी चालेल, हे मात्र नाही. एकट्या राहणाऱ्या, सत्तरीला आलेल्या बाईला आपली स्मरणशक्ती चाललीय असं वाटणं ही फार भयंकर गोष्ट आहे. या वयात ती धास्ती बहुतेकांच्या मनात आधीपासून असतेच, बरोबरीच्या कुणाचं तरी तसं झालेलं त्यांनी पाहिलेलं असतं. नुसता कागद हरवला असता तर आई चिडली असती, नवा काढायच्या खटपटीला लागली असती. तिने बोट ठेवलं ते स्वतःच्या डोक्यावर. ज्या दिवशी तिने तुला फोन केला त्या दिवसापासून ती कदाचित रोज स्वतःची परीक्षा घेत असेल. गॅस बंद केला का, गोळी घेतली का, कालचं आठवतंय का.

आणि एक सांभाळ. पासपोर्ट गुपचूप कपाटात परत ठेवू नका. जो कप्पा तिने रिकामा करून पाहिलाय, तिथेच तो उद्या सापडला तर तिची खात्रीच पटेल की आपल्याला समोरचं दिसतही नाही. तिला स्पष्ट ऐकू यायला हवं: "आई, पासपोर्ट मी नेला होता, तुला न विचारता. तुझं काही चुकलं नाही, तुझी आठवण अगदी ठीक आहे." शक्यतो दादाच्याच तोंडून. काहीतरी काम होतं असं सांगून वेळ मारून न्यायचा मोह होईल, पण "मग मला विचारलं का नाहीस?" हा तिचा प्रश्न त्यातून सुटत नाही. त्याला खरं उत्तर एकच आहे, आणि ते द्यायचं म्हणजे सहलीचं सांगणं आलंच. तर मग सांगा. माझं मत असं की हे आईला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तुझ्या शब्दाचं काय, तर तू शब्द दिलास तो गुपित राखायचा. आई घाबरली तरी मी गप्प बसेन, असं दादाने मागितलं नव्हतं आणि तू कबूलही केलं नव्हतंस. तरीही त्याला वगळून परस्पर आईकडे जाऊ नकोस. आजच त्याला भेट, समोरासमोर बस आणि सरळ सांग: "दादा, तू आईसाठी जे जमवलंयस ते मला मोडायचं नाहीये. पण पासपोर्टपायी आई स्वतःवरच संशय घ्यायला लागलीय. हे तिला तूच सांग, तुझ्या तोंडून ऐकायला तिला जास्त आवडेल. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्याने नाही झालं तर मी सांगेन, म्हणून आधी तुझ्याकडे आलेय." कुटुंबाच्या ग्रुपवर यातलं अक्षरही लिहू नकोस. तिथे विषय निघाला की प्रत्येकाला आपलं मत आठवतं, आणि ज्याने खपून हे सगळं उभं केलं तोच एकटा पडतो.

दादाला मी दोष देत नाहीये. वडील गेल्यावर थोरल्या मुलाला वाटतं की आईला आता काहीतरी मोठं द्यावं, तिच्या चेहऱ्यावर पूर्वीसारखा आनंद एकदा तरी बघावा. त्याच्या हिशेबात विमानतळावरचा तो एक क्षण सगळ्याची भरपाई करणारा आहे. अनपेक्षित आनंदाची गोडी जास्त असते हे त्याचं म्हणणं खरंही आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की फळांचा रस अचानक मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी एकदम जाग्या होतात. पण त्याच प्रयोगांचा पुढचा भाग दादाला वाचून दाखवण्यासारखा आहे. रस येण्याआधी दर वेळी ठरावीक खूण व्हायला लागली, तेव्हा त्या पेशी रसाच्या वेळी नव्हे, खुणेच्या वेळीच जाग्या होऊ लागल्या. आणि खूण होऊनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगावरून माणसाच्या मनाचं सगळं सांगता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्या आईकडे बघ. वाढदिवस जवळ आलाय ही खूण तिला रोज मिळतेय, आणि दर वर्षी त्या सुमारास येणारे मुलांचे फोन मात्र येत नाहीत. विमानतळावर पोचेपर्यंतचे हे सगळे दिवस तिचेच आहेत, आणि ते ती आत्ता जगतेय.

वाट बघण्यातला आनंद तर तिच्याकडून पूर्णच काढून घेतला जातोय. २०१० साली नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सहलीला जाणारे लोक जाण्याआधीच इतरांपेक्षा जास्त आनंदात होते. परत आल्यावर मात्र, अगदी निवांत सुटी घालवलेले सोडले तर, जाऊन आलेल्यांत आणि न गेलेल्यांत फरक उरला नव्हता. आईच्या वाट्याचा तो आधीचा महिना तिला द्या ना. शेजारणीला सांगू दे, नकाशात ठिकाण शोधू दे, कुठला स्वेटर घ्यायचा यावर नातीशी तासभर बोलू दे. एकट्या घरात असा महिना किती भरलेला जातो, हे एकट्या राहणाऱ्या माणसाला विचारावं. उलट, लग्नाला म्हणून भरलेली बॅग घेऊन ती बर्फाच्या डोंगरात उतरली तर पहिले दोन दिवस उसन्या कपड्यांत काढेल, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून हसत राहील.

यापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती उंचीची, आणि हे दादाला जरा ठासून सांग. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, धडधाकट तरुणालाही. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं अशी होते. तीन हजार मीटरच्या पुढे रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. तुमचा रस्ता थेट वर नेणारा आहे का, वाटेत कमी उंचीवर एखादी रात्र आहे का, ते आजच बघा. नसेल तर ती घाला, एक स्थळदर्शन कमी झालं तरी काही बिघडत नाही. त्रास टाळण्यासाठी डॉक्टर कधी कधी जी गोळी देतात ती वर चढण्याच्या आदल्या दिवसापासून घ्यायची असते, आणि ती आईच्या बीपीच्या गोळीबरोबर चालेल का हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. गुपित राखायचं म्हटलं तर आई डॉक्टरांकडे जाणार कधी, आणि आदल्या दिवशी ती गोळी तिला काय सांगून देणार?

दुसरं असं, की हा त्रास आधी कळतो तो ज्याला होतो त्यालाच. आईला काय लक्षात ठेवायचं हे माहीतच नसेल तर ती डोकेदुखीला दगदग म्हणेल, मळमळीला जागरण म्हणेल आणि तुमच्या आनंदात खोट नको म्हणून अंथरुणात पडून राहील. त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच उपाय असतो, आणि तो वेळेवर करायला तिने वेळेवर बोलायला हवं. तिला आधी सांगा. "डोकं दुखलं तर लगेच सांगायचं, कुणाचा बेत बिघडत नाही," हे नातवंडांकडून वदवून घ्या, ते तिला पटेल.

बाकीचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत बघा, बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक मागतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्याशी अक्षरन् अक्षर जुळू दे. प्रवास विमा काढताना तिचं बीपी लपवू नका, पुढे दावा त्यावरच अडतो. गोळ्या जवळच्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. उड्डाण चार तासांहून मोठं असेल तर तिला मधूनमधून उठवून चालवा, फार वेळ बसून पायात रक्त गोठण्याचा धोका वाढतो. विमानतळावर व्हीलचेअर हवी का, ते तिलाच विचारा आणि विमान कंपनीला दोन दिवस आधी कळवा. न विचारता समोर उभी राहिलेली, आपल्या नावाची व्हीलचेअर सगळ्या मुलानातवंडांसमोर बघणं काहींना फार लागतं.

आणि हे सगळं ऐकून आई नको म्हणाली तर? म्हणू शकते. तिच्या सत्तराव्या वाढदिवसाला कुठे जायचं, जायचं की नाही, यात तिचं मत शेवटचं असायला हवं. कदाचित तिला डोंगर नको असेल आणि अकरा जणांनी तिच्या घरी दोन रात्री राहावं एवढंच हवं असेल. कदाचित कमी उंचीवरचं ठिकाण चालेल. बुकिंग बदलताना पैसे गेले तर ते तुम्ही तिघांनी सोसा आणि तो आकडा तिच्या कानावर कधीही जाऊ देऊ नका. तो कळला की ती मन मारून येईल. माझा अंदाज आहे की ती येईल, आणि खुशीने येईल. "तुम्हाला कुठे वेळ असतो" असं म्हणणाऱ्या बाईला अकरा जणांचे आठ दिवस मिळतायत.

दादाचं सरप्राइज यात वाया जाणार नाही. मोठी गोष्ट उघड सांगायची आणि तिच्या पोटात एक छोटी लपवायची. ती अशी असावी की जिच्यासाठी आईला फसवावं लागत नाही, तिच्या तब्येतीवर, कपड्यांवर, कागदपत्रांवर जिचा भार पडत नाही. नातवंडांनी आजीकडून ऐकलेली एकेक गोष्ट स्वतःच्या अक्षरात लिहून वही करावी. किंवा तिची एखादी शाळेतली मैत्रीण, जिच्याशी ती अजून फोनवर बोलते पण भेट होत नाही, ती तिथे वाढदिवसाच्या सकाळी न्याहारीच्या टेबलावर बसलेली असावी. हे काम दादाला दे. त्याच्या हातून काहीतरी काढून घेतलंय असं त्याला वाटायला नको.

वाढदिवस पोचण्याच्या दिवशी येत असेल तर साजरा दोन दिवसांनी करा, तोवर तिचा श्वास आणि झोप जाग्यावर आलेली असेल. रात्री बारा वाजता उठवू नका. आणि मैत्रीण समोर दिसेल त्या क्षणी पाच-पाच मोबाइल तिच्या तोंडासमोर धरू नका. कॅमेरा दिसला की माणूस आधी आपला चेहरा सावरतं, रडू आलं तरी दाबतं, आनंद नीट दिसतोय ना याची काळजी करतं. दादाला तो चेहरा बघायचाच आहे ना, मग डोळ्यांनी बघू दे. फोटो नंतर काढता येतील.

आज रात्री आईला फोन कर. पासपोर्टचा विषय दादासाठी ठेव, पण बोल, नेहमीसारखं अर्धा तास, आणि धाकट्यालाही करायला लाव.

मैत्रिणीचा बेत पक्का करण्याआधी एक लक्षात ठेव, तीही सत्तरीचीच असणार. आईसाठी जे विचारायचं ते सगळं तिच्यासाठीही विचारावं लागेल: डॉक्टर, उंची, विमा, गोळ्या, आणि तिला मनापासून यायचंय का ते. तिच्या घरी फोन आधी तू कर, तिच्या मुलांशी बोल, मगच दादाला तिकीट काढायला सांग.

तुझी,
ताई